छोटी पॉवर बँक घरच्या घरी कशी जोखावी

नवी पॉवर बँक हातात आली की बहुतेक लोक पाच मिनिटांत मोकळे होतात. खोका फाडायचा, फोन जोडायचा, स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसलं की खोका कचऱ्यात. झाली तपासणी! मग दोन महिन्यांनी प्रवासात फोन साठ टक्क्यांवरच अडकतो, आणि तोवर परत करायची मुदत उलटून गेलेली असते. याच्या अगदी उलट वागणारेही आहेत. ते बँकेच्या दहा हजार एमएएचला फोनच्या पाच हजारने भागतात, उत्तर दोन येतं, प्रत्यक्षात फोन दीडदाच भरतो, आणि चांगल्या बँकेवर 'बनावट' असा शिक्का मारून ती परत पाठवतात.

दोघांचंही बिघडतं एकाच ठिकाणी. मोजायचं काय आणि आधी काय, मग काय, हे ठरायच्या आत निकाल लागलेला असतो. खाली दिलेला क्रम खिशात मावणाऱ्या, साधारण ५,००० ते १०,००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-अवरच्या) बँकांसाठी आहे. प्रत्यक्ष काम दोन-तीन दिवसांचं, त्यातलाही बराच वेळ नुसती वाट पाहण्याचा. शेवटच्या टप्प्यातला आठवडा वेगळा. क्रम मात्र मोडू नका. पुढच्या टप्प्याचा अर्थ मागच्या टप्प्यातल्या आकड्यावर ठरतो.

## आधीची तयारी

या वस्तू जवळ ठेवा :

- यूएसबी मीटर. चार्जर आणि फोनच्या मधे लावायचं हे बोटाएवढं यंत्र व्होल्ट, अँपिअर, वॉट आणि एकूण वॉट-अवर, म्हणजे एकंदर किती ऊर्जा गेली, ते दाखवतं. दोन्ही टोकांना सी-प्रकारचं पोर्ट असलेलंच घ्या. जुनी, फक्त चौकोनी ए-पोर्टची मीटरं बँक आणि फोन यांच्यातल्या वेगवान चार्जिंगच्या वाटाघाटी बहुधा पुढे पोचवत नाहीत, मग बँक ५ व्होल्टवरच अडून राहते आणि दोष तिच्या माथी येतो.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.
- खात्रीच्या दोन केबली. 'खात्रीच्या' म्हणजे ज्यांवर तुमचा फोन भिंतीतल्या चार्जरवरून वेगाने चार्ज होताना तुम्ही पाहिला आहे अशा.
- निदान १८-२० वॉटचा चार्जर.
- वही. आकडे डोक्यात ठेवू नका, रात्री झोप लागेपर्यंत ते बदललेले असतात.

वहीच्या पहिल्या ओळीत परत करण्याची शेवटची तारीख लिहा. खोका, आतली केबल, माहितीपत्रक, सगळं जपून ठेवा आणि बँकेवरची पारदर्शक फिल्मही तूर्त काढू नका.

केबलींवर एवढा भर का, तर मी स्वतः एकदा त्यात फसलो आहे. एक बँक फारच मंद चालते म्हणून मी ती परत केली. पुढच्या आठवड्यात दुसरी आणली, तीही तशीच मंद. दोन्ही वेळा टेबलावर पडलेली एकच बारीक, लांब केबल वापरली होती. पहिल्या बँकेची मनातल्या मनात माफी मागितली, दुसरं काय करणार!

## टप्पा १ : लेबलावरचा हिशेब

बँक चार्जरला लावण्याआधी तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. खोक्यावरचा मोठा आकडा जाहिरातीचा असतो, खरी माहिती या मुंगीएवढ्या अक्षरांत सापडते.

तुम्हाला दोन आकडे हवे आहेत : वॉट-अवर आणि 'रेटेड कपॅसिटी'.

एमएएच हा आकडा एकटा अपुरा आहे. तो किती विद्युतभार साठला ते सांगतो. कोणत्या दाबाने साठला ते सांगत नाही. बँकेतल्या लिथियम सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.८५ व्होल्टच्या आसपास असतो, बाहेर पडणारी वीज मात्र ५, ९ किंवा १२ व्होल्टची असते. दाब वाढवला की एमएएच त्याच प्रमाणात घटणार. टाकीतलं पाणी तेवढंच आहे, नळाची तोटी बदलली. म्हणून कुठलीही तुलना वॉट-अवरमध्ये करायची.

हिशेब सोपा आहे. एमएएच भागिले १,०००, गुणिले व्होल्ट. १०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-अवर. ५,००० एमएएच म्हणजे १८.५ वॉट-अवर.

आता फोन. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची धरली तर १९ वॉट-अवरच्या जरा वर जाते. बँकेतून वीज बाहेर पडताना दाब वाढवण्यात १० ते १५ टक्के उष्णता होऊन जाते. फोनमध्ये शिरताना पुन्हा तेवढीच घट. ३७ चे होतात ३२ च्या आसपास, ३२ चे २८. अठ्ठावीसला एकोणिसाने भागा : जेमतेम दीड. दहा हजारांच्या बँकेने पाच हजारांचा फोन दीडदा भरला तर ती प्रामाणिक बँक आहे. दोनदा भरेल असं कोणी सांगत असेल तर त्याने एकतर भागाकार केला आहे किंवा विक्री.

रेटेड कपॅसिटीचा आकडा बहुधा '६,००० एमएएच, ५ व्होल्टला' असा लिहिलेला असतो. तो बघून दचकू नका. ६,००० गुणिले ५ म्हणजे ३० वॉट-अवर, ३७ च्या ८१ टक्के. घट धरून बाहेर काय मिळेल ते उत्पादकाने स्वतःच कबूल केलेलं असतं. शेवटच्या निकालात याच आकड्याला त्याला धरायचं आहे.

ताळा : लेबलावरच्या वॉट-अवरना १,००० ने गुणून एमएएचने भागा. उत्तर ३.६ ते ३.९ च्या दरम्यान यायला हवं. १०,००० एमएएचपुढे ५० वॉट-अवर लिहिले असतील तर उत्तर ५ येतं, म्हणजे कोणीतरी बाहेरचा दाब आतल्या एमएएचला चिकटवला आहे. उत्तर ७.२-७.४ आलं तर मात्र लगेच संशय घेऊ नका. दोन सेल एकापुढे एक जोडलेल्या बँकेत ते बरोबर असतं, आणि तिथे ५,००० एमएएच म्हणजेच ३७ वॉट-अवर.

सावधान : लेबलावर वॉट-अवर मुळीच नसतील किंवा शाई नखाने खरवडून निघत असेल तर ती बँक विमानप्रवासातही अडचणीची आहे. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बँका केबिनमधल्या सामानात नेता येतात, चेक-इन बॅगेत ठेवता येत नाहीत. आणि तपासणीच्या रांगेत क्षमता सिद्ध करायला तुमच्याकडे ते लेबलच असतं.

## टप्पा २ : वजन

हा टप्पा जवळपास कोणीच करत नाही. लागतं अर्धं मिनिट, आणि खोटी क्षमता इथे इतकी उघडी पडते की पुढे जायची गरजच उरत नाही.

लिथियम सेलमध्ये एका किलोला साधारण २०० ते २५० वॉट-अवर मावतात. त्याच्या फार पलीकडची किमया खिशातल्या बँकेत सहसा कोणी करत नाही. म्हणजे ३७ वॉट-अवरसाठी नुसते सेलच १५० ते १८५ ग्रॅमचे. वर पेटी, सर्किट, पोर्ट. १०,००० एमएएचची बँक काट्यावर साधारण १८० ते २४० ग्रॅम भरायला हवी. ५,००० ची साधारण १०० ते १४०. वायरलेस कॉइल आणि चुंबकं असतील तर आणखी थोडी जास्त.

१०,००० लिहिलेली बँक ११० ग्रॅम भरली, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तिथेच थांबा आणि परत करा.

आकारही बोलतो. लिपस्टिकसारख्या नळकांडी बँकेत बहुतेक वेळा एकच गोल सेल असतो. १८६५० नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि ५० ग्रॅमच्या आतबाहेर असतो. त्यातले चांगलेही ३,५०० एमएएचच्या आसपास थांबतात. २१७०० हा जरा थोराड, २१ बाय ७० मिलिमीटरचा, त्यात ५,००० च्या आसपास मावतात. त्यामुळे अंगठ्याएवढ्या नळकांडीवर १०,००० लिहिलेलं दिसलं तर वजनकाटाही लागत नाही.

ताळा : वजन जास्त भरलं म्हणून खूश होऊ नका. वजन वाढवण्यासाठी आत लोखंडाची पट्टी किंवा वाळू भरलेले नमुनेही सापडले आहेत. हलकी बँक नापास, हे नक्की. जड बँक पास, हे अजून ठरायचं आहे.

## टप्पा ३ : बाहेरून पाहणी

दोन मिनिटांचं काम. सपाट काचेवर ठेवून बँक डुगडुगते का पाहा. डुगडुगली तर पोट फुगलेलं असू शकतं. कानाशी हलवा, आत काही खुळखुळलं तर परत. प्रत्येक पोर्टमध्ये केबल घालून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. चार्जिंग तुटता कामा नये.

मॉडेल क्रमांक वहीत उतरवा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा. सदोष सेलमुळे ठरावीक मॉडेलं परत मागवण्याचे प्रसंग चांगल्या नावाजलेल्या कंपन्यांवरही आले आहेत, म्हणून नाव ओळखीचं आहे एवढ्यावर हे टाळू नका. मॉडेल क्रमांकच छापलेला नसेल तर उद्या ती परत मागवली गेली तरी तुम्हाला कळणार नाही.

## टप्पा ४ : आधी रिकामी, मग मोजून भरणं

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. खोक्यातून आलेली बँक अर्धवट भरलेली असते. ती तशीच चार्जरला लावून 'आत किती गेलं' मोजलं तर आकडा कमी येणार आणि तुम्ही उगाच घाबरणार. म्हणून पहिली पायरी रिकामी करण्याची.

१. बँकेला फोन, टॅब, जे असेल ते लावा आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. या वेळचे आकडे लिहू नका.

२. अर्धा तास थांबू द्या. बंद पडल्यावर काही मिनिटांनी ती पुन्हा थोडी जिवंत झाल्यासारखी दिसते. सेलचा दाब सावरतो, त्यामुळे तसं होतं. पुन्हा लावून पूर्ण संपवा.

३. मीटर शून्यावर आणा. चार्जर, मीटर, केबल, बँक अशी जोडणी करा आणि लगेच भरायला लावा. रिकामी बँक दिवसेंदिवस पडू देऊ नका, सेल त्याने कायमचा दुखावतो.

४. दिवे पूर्ण पेटून मीटरवरचा प्रवाह जवळपास शून्य झाला की वॉट-अवर आणि लागलेला वेळ लिहा.

३७ वॉट-अवरच्या बँकेत साधारण ४० ते ४४ वॉट-अवर आत जायला हवेत, कारण भरतानाही थोडी उष्णता होते. आत फक्त २० गेले असतील तर बाहेर ३० येण्याचा प्रश्नच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वेळेचाही हिशेब करा. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. या गतीने ४२ वॉट-अवर भरायला सव्वाचार तास, आणि शेवटी प्रवाह मंदावतो म्हणून धरा पाच. १८ वॉटने तेच काम तीन तासांच्या आसपास होतं. खरेदी करताना लोक बँक फोनला किती वॉट देते हे बघतात आणि ती स्वतः किती वॉटने भरते हे विसरतात. रात्री उशिरा पोचून पहाटे निघायचं असतं तेव्हा हाच आकडा महत्त्वाचा ठरतो.

सावधान : पहिलं चार्जिंग तुम्ही जागे असताना, लाकडी टेबल किंवा गादीवर न ठेवता फरशीवर करा. वास आला, चरचर आवाज आला किंवा पोट फुगलं तर प्लग काढा आणि प्रयोग तिथेच संपवा.

## टप्पा ५ : पूर्ण रिकामी करून मोजणं

सगळ्या तपासणीचा गाभा हा. यासाठी वेगळा दिवस ठेवा, घाईत करू नका.

जोडणी आता उलटी : बँक, केबल, मीटर, मग फोन. मीटर शून्यावर. एक फोन पुरणार नाही, म्हणून दोन लागतात किंवा एक फोन आणि एक टॅब. फोन १० टक्क्यांच्या आसपास असताना जोडा आणि ८० टक्क्यांना काढून दुसरा लावा. ऐंशीनंतर फोन स्वतःच प्रवाह कमी करत जातो. तेवढ्या थेंब-थेंब विजेसाठी बँकेचं सर्किट जागं राहतं आणि घट वाढते. त्या शेवटच्या वीस टक्क्यांत बँकेची नाही, फोनच्या सावधपणाची परीक्षा होते.

फोन बदलताना आधी मीटरचा आकडा लिहा. काही मीटरं वीज तुटली की सगळं विसरतात.

बँक बंद पडली की एकूण वॉट-अवरना लेबलावरच्या वॉट-अवरनी भागा.

८५ टक्क्यांच्या वर आलं तर उत्तम. ८० ते ८५ म्हणजे ठीक, बहुतेक चांगल्या छोट्या बँका इथेच बसतात. ७० ते ८० आलं तर केबल बदलून एकदा पुन्हा मोजा. सत्तरच्या खाली दोनदा आलं तर परत करा. दुसरी कसोटी रेटेड कपॅसिटीची : ६,००० एमएएच ५ व्होल्टला लिहिले होते, म्हणजे ३० वॉट-अवर. तेवढे मिळाले तर उत्पादकाने शब्द पाळला.

सावधान : मीटरवरचे एमएएच वाचू नका, वॉट-अवर वाचा. फोन ९ व्होल्टवर चार्ज होत असेल तर ३१ वॉट-अवर म्हणजे फक्त ३,४०० एमएएचच्या आसपास. हा आकडा बघून 'दहा हजारांतले साडेतीन हजारही नाहीत' असा आरडाओरडा करणारे मी बरेच पाहिले आहेत. बँक चांगली होती, वाचलेला रकाना चुकीचा होता.

### मीटर नसेल तर

फोनच्या टक्क्यांवरूनही अंदाज बांधता येतो, पण पथ्य पाळावी लागतात. फोन बंद करा किंवा विमान मोडवर ठेवा, स्क्रीन उघडू नका. १० टक्क्यांवर लावा, शंभर होऊ द्या, फोन वापरून पुन्हा १० वर आणा, पुन्हा लावा. बँक संपेपर्यंत वाढलेले टक्के जोडत जा. समजा पहिल्यांदा ९० आणि दुसऱ्यांदा ५० वाढले : एकूण १४०. फोनची बॅटरी १९.३ वॉट-अवरची असेल तर फोनमध्ये पोचले २७. बँकेच्या ३७ शी ताडून पाहिलं तर ७३ टक्के.

इथली कसोटी वेगळी आहे, कारण फोनमधली घटही यात मोजली गेली. ६५ ते ७८ टक्के आलं तर बँक ठीक समजा. फोन जुना असेल आणि त्याची बॅटरी मूळच्या ८५ टक्केच उरली असेल तर १९.३ ला आधी ०.८५ ने गुणा. हे विसरलं की जुन्या फोनवर प्रत्येक बँक खऱ्यापेक्षा चांगली दिसते.

बँकेवरच्या चार दिव्यांवर मात्र कुठलाही निष्कर्ष काढू नका. ते चार समान भाग दाखवत नाहीत. पहिला दिवा बराच वेळ टिकतो आणि शेवटचा अचानक जातो, असं हमखास होतं.

## टप्पा ६ : वेग

क्षमता खरी निघाली, आता वेग. बँक पुन्हा पूर्ण भरा. फोन २० ते ३० टक्क्यांवर, थंड आणि स्क्रीन बंद असताना जोडा. मीटरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, पहिल्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला. खोक्यावर '२० वॉट' लिहिलं असेल तर ९ व्होल्ट आणि २.२ अँपिअरच्या आसपास दिसायला हवं.

मीटर ५ व्होल्टवरच अडकलं तर बहुधा बँक खराब नसते, दोघांची भाषा जुळलेली नसते. वेगवान चार्जिंग म्हणजे बँक आणि फोन यांच्यातली बोलणी. बँक सांगते माझ्याकडे ५, ९, १२ व्होल्ट आहेत. फोन त्यातला एक निवडतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सर्वांत सामायिक भाषा. आयफोन ८ पासूनचे आयफोन पीडीवर वेगाने चार्ज होतात. सॅमसंगच्या अनेक फोनांना २५ वॉट हवे असतील तर पीडीमधला पीपीएस हा प्रकार बँकेत लागतो, जिथे दाब बारीक पायऱ्यांनी बदलता येतो. काही कंपन्यांच्या फोनांचे ६०-८० वॉटचे दावे त्यांच्या स्वतःच्या चार्जरपुरते असतात. पीडी बँकेवर असा फोन निमूटपणे १५-१८ वॉट घेतो. हे बँकेचं अपयश मानू नका.

आकडा कमी आला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी केबल, मग पोर्ट, मग फोन. तिन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

केबल एवढी महत्त्वाची का, तेही आकड्यात बघा. बारीक, लांब केबलचा एकूण रोध पाव ओहम धरला तर २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. ५ व्होल्टच्या १० वॉटपैकी १ वॉट नुसती केबल तापवण्यात गेला. तेच १० वॉट ९ व्होल्टवर पाठवले तर प्रवाह १.१ अँपिअर होतो आणि गळती ०.३ वॉटवर येते. फोनसाठी ३ अँपिअरची साधी सी-टू-सी केबल भरपूर होते. शक्य तितकी आखूड घ्या.

एक तपासणी लोक हमखास गाळतात. बँकेत शेवटचे २५-३० टक्के उरले असताना वेग पुन्हा मोजा. सेल भरलेला असताना त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, रिकामा होत आला की ३.३ च्या आसपास. बाहेर २० वॉट द्यायचे तर पहिल्या स्थितीत सेलमधून साधारण ५.३ अँपिअर ओढावे लागतात, दुसऱ्यात ६.७. हलक्या दर्जाचे सेल इथे दम तोडतात, बँक गुपचूप १० वॉटवर येते किंवा एक दिवा शिल्लक असताना बंद पडते. भरलेल्या बँकेवर सगळ्याच शूर असतात.

ताळा : दोन पोर्ट असतील तर दोन्हीकडे फोन लावा. बहुतेक छोट्या बँका दुसरा फोन लागला की दोघांनाही ५ व्होल्टवर आणतात. लेबलावर एकूण मर्यादा लिहिलेली असते, ती आधी वाचा म्हणजे धक्का बसत नाही.

## टप्पा ७ : उष्णता

वेगाच्या तपासणीतच हे उरकून घ्या. विसाव्या मिनिटाला तळहात बँकेवर टेकवा. कोमट किंवा बऱ्यापैकी गरम चालेल. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. गरमी कुठे आहे तेही पाहा. पोर्टच्या बाजूला असेल तर ती सर्किटची, स्वाभाविक आहे. सेल असलेला मधला सपाट भाग जास्त तापत असेल तर ते लक्षण चांगलं नाही.

वायरलेस, चुंबकाने फोनला चिकटणाऱ्या बँकांचा हिशेब वेगळा मांडा. तारेपेक्षा त्यात घट बरीच जास्त होते, आणि ती सगळी उष्णता फोनची पाठ आणि बँक यांच्या मधे कोंडते. ५,००० एमएएचची अशी बँक ५,००० एमएएचचा फोन निम्म्याहून थोडा जास्त भरेल, एवढीच अपेक्षा ठेवा. फोन तापला की वायरलेस चार्जिंग स्वतःहून थांबतं किंवा मंदावतं. जाड कव्हर काढून पुन्हा बघा. मला स्वतःला या बँका सोयीच्या वाटतात, पण क्षमता मोजायची असेल तर त्यांच्यावरचं तारेचं पोर्टच वापरावं. कॉइलवरून मोजलेला आकडा फोन किती नीट बसला यावर हेलकावतो.

सावधान : उशीखाली, बंद बॅगेत, उन्हात उभ्या गाडीत ही तपासणी करू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि शून्य अंशाच्या खालीही नाही.

## टप्पा ८ : रोजच्या वापरातल्या खोडी

क्षमता आणि वेग उत्तम असूनही बँक डोक्याला ताप होऊ शकते ती अशा किरकोळ गोष्टींमुळे.

इअरबड्सची डबी किंवा घड्याळ लावून पाऊण तास सोडा. ही उपकरणं इतका कमी प्रवाह घेतात की काही बँकांना वाटतं काहीच जोडलेलं नाही, आणि त्या बंद होतात. उपाय म्हणून कमी प्रवाहाचा मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून. माहितीपत्रकात शोधा.

सी-टू-सी केबलने फोन जोडल्यावर वीज कोणत्या दिशेने वाहते ते पाहा. दोन्ही बाजू वीज देऊ-घेऊ शकत असतील तर कधीकधी फोनच बँकेला भरू लागतो. केबल काढून आधी बँकेचं बटण दाबा, मग जोडा. दहापैकी दहा वेळा दिशा बरोबर यायला हवी.

बँक चार्जरला लावून तिलाच फोन लावा. हे चालतं का, हा पहिला प्रश्न. मग चार्जर काढा. फोनचं चार्जिंग क्षणभर तुटतं का? फोनला फरक पडत नाही, पण बँकेवर राउटर किंवा कॅमेरा चालवायचा विचार असेल तर ते क्षणभर तुटणंही त्यांना बंद पाडायला पुरतं.

## टप्पा ९ : आठवडाभर गप्प ठेवणं

शेवटची तपासणी काहीच न करण्याची. बँक पूर्ण भरून, काहीही न जोडता सात दिवस कपाटात ठेवा, मात्र परत करण्याच्या तारखेच्या आत हे बसवा. आठव्या दिवशी मीटर लावून पुन्हा भरा. सेल स्वतःहून फार सावकाश उतरतात; ३७ वॉट-अवरच्या बँकेत एक-दोन वॉट-अवरपेक्षा जास्त गेले, किंवा एक अख्खा दिवा विझलेला आढळला, तर सर्किट आतल्या आत वीज पितं आहे. अडीअडचणीसाठी म्हणून बॅगेत ठेवलेली अशी बँक नेमकी अडचणीत रिकामी सापडते.

बँक परत न करता ठेवली, तर महिनोन्‌महिने न वापरण्याच्या काळात अर्धी भरलेली ठेवा आणि तीनेक महिन्यांनी एकदा दिवे बघा. वहीतलं पाचव्या टप्प्याचं पान फाडू नका. वर्षाने तीच केबल, तोच फोन घेऊन एकदा पुन्हा मोजा आणि दोन आकडे शेजारी लिहा. पोट फुगलेलं दिसलं तर मोजायच्या भानगडीत पडू नका, टोचू नका, उघडू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.